दुसरी पृथ्वी सापडलेली नाही

दुसरी पृथ्वी सापडलेली नाही. २०१० मध्ये सापडली नव्हती, २०१६ मध्ये नव्हती, २०१७ मध्ये नव्हती आणि २०२५ मध्येही नव्हती. तरी या प्रत्येक वेळी ती सापडल्याचं मराठी वाचकाला ठणकावून सांगितलं गेलं, सोबत निळ्या-हिरव्या गोळ्याचं चित्र छापून. मी दुसरबीडला राहतो, पोरांना विज्ञान शिकवतो. ही बातमी आली की दुसऱ्या दिवशी वर्गात तिचा निस्तार मलाच करावा लागतो. एप्रिल २०२५ मध्ये नववीतल्या एका पोरीने मला विचारलं, "सर, तिकडं जीव हाये हे पक्कं झालं म्हणे. मंग आता आपल्या लोकांना तिकडं नेतेन का?" तिने गंमत म्हणून विचारलं नव्हतं. तिने वाचलेल्या बातमीत 'शोध लागला' असं स्वच्छ लिहिलं होतं. पोरगी हुशार आहे. तिला फसवलं गेलं, आणि फसवणारे शिकलेसवरलेले लोक आहेत याची मला चीड येते.

मला त्या ग्रहांचं वावडं नाही. उलट माणसाने केलेल्या मोजमापांत याहून नाजूक काम फार थोडं असेल. एवढी थोर गोष्ट हाताशी असताना तिच्यावर थापेचा मुलामा चढवून ती विकली जाते, हा माझा आक्षेप आहे.

सर्वांत जवळचं उदाहरण घेऊ. मे महिन्यात रात्री अकराच्या सुमारास आमच्या शिवारातून दक्षिणेला पाहिलं, तर क्षितिजापासून जेमतेम नऊ अंश वर एक ठळक तारा दिसतो. तो नरतुरंगातला मित्र. खरं तर ती दोन ताऱ्यांची जोडी आहे, आणि त्यांचा तिसरा भाऊबंद, प्रॉक्झिमा, इतका मंद आहे की नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही. सूर्य सोडला तर आपल्याला सर्वांत जवळचा तारा तोच, ४.२४ प्रकाशवर्षांवर. ऑगस्ट २०१६ मध्ये गिलेम आंग्लादा-एस्कुदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्याभोवती एक ग्रह असल्याचं जाहीर केलं. तो ग्रह त्यांनी पाहिला नव्हता. चिलीतल्या दुर्बिणीवरच्या वर्णपटमापकाने त्यांनी ताऱ्याच्या प्रकाशातल्या रेषा मोजल्या. त्या रेषा दर ११.२ दिवसांच्या तालावर किंचित इकडे, किंचित तिकडे सरकत होत्या, कारण ग्रहाच्या ओढीने तारा आपल्याकडे येत होता आणि मागे जात होता. त्याचा वेग सेकंदाला साधारण १.४ मीटर. माणूस बाजाराला पायी जातो त्या चालीने हलणारा तारा चाळीस लाख कोटी किलोमीटरवरून पकडला! हे ऐकून ज्याच्या अंगावर काटा येत नाही, त्याला निळ्या चित्राचीही गरज नाही.

पण या मोजमापातून हाती लागलं ते इतकंच: त्या ग्रहाचं वर्ष अकरा दिवसांचं आहे आणि त्याचं वस्तुमान निदान पृथ्वीइतकं आहे. पाण्याबद्दल काही कळलं नाही. हवा आहे का, तेही कळलं नाही. 'राहण्यायोग्य पट्टा' म्हणून जे म्हटलं जातं ते केवळ अंतर असतं. ताऱ्यापासून इतक्या अंतरावर, ग्रहाला योग्य वातावरण असेल तर, आणि पाणी असेल तर, ते द्रवरूपात राहू शकेल. दोन 'तर' आहेत. बातमीत पोचेपर्यंत दोन्ही गळून पडतात. प्रॉक्झिमा हा भडकणारा तारा आहे, ही गोष्टही गळून पडते. मार्च २०१७ मध्ये चिलीतल्या अल्मा दुर्बिणीने मिलिमीटर लहरींत त्याचा असा भडका टिपला की तारा काही सेकंद हजारपट तेजस्वी झाला. ग्रह त्याच्यापासून फक्त पाऊण कोटी किलोमीटरवर आहे. सूर्यापासून आपण पंधरा कोटींवर. असे भडके सोसत त्याच्यावर हवा टिकली असेल का, हा उघडा प्रश्न आहे. तो प्रश्न पोरांपुढे ठेवला असता तर त्यांनी आठवडाभर डोकं लावलं असतं. त्यांच्यापुढे उत्तर फेकलं गेलं, आणि तेही खोटं.

खोटे ग्रह आजचे नाहीत. पहिला मोठा दावा आपल्याच देशातून झाला, आणि त्याचा एक धागा पुण्यापर्यंत येतो. कॅप्टन विल्यम स्टीफन जेकब हा मुंबई इलाख्याच्या इंजिनियर दलातला अधिकारी. १८४२ मध्ये त्याने पुण्यात स्वतःची छोटी वेधशाळा थाटली आणि जोडताऱ्यांची मोजणी केली. पुढे तो मद्रास वेधशाळेचा प्रमुख झाला. भुजंगधारीतला '७० ऑफियुकी' हा जोडतारा साडेसोळा-सतरा प्रकाशवर्षांवर आहे आणि अंधाऱ्या रात्री नुसत्या डोळ्यांनी दिसतो. त्या दोन ताऱ्यांची कक्षा गणिताशी जुळत नव्हती. १८५५ मध्ये जेकबने लिहिलं की तिथे एखादा न दिसणारा ग्रह असण्याचा संभव दाट आहे. चाळीस वर्षांनी अमेरिकेत टी. जे. जे. सी याने तोच दावा जास्त जोरात केला, आणि १८९९ मध्ये फॉरेस्ट मोल्टनने गणिताने दाखवून दिलं की तसा ग्रह त्या जागी टिकूच शकत नाही. त्या ताऱ्याभोवती आजही ग्रह सापडलेला नाही. जेकब १८६२ मध्ये पुण्यात वारला. त्याच्या मोजमापाबद्दल मला आदर आहे: त्याने 'संभव' म्हटलं आणि आकडे सर्वांपुढे ठेवले, म्हणून दुसऱ्याला ते तपासता आले.

विसाव्या शतकात हेच बर्नार्डच्या ताऱ्याबाबत झालं. तो सहा प्रकाशवर्षांवर आहे. पीटर व्हान डी कॅम्प यांनी १९६३ पासून तिथे ग्रह असल्याचं सांगितलं, एक पिढी ते शिकत वाढली, आणि १९७३ मध्ये उघड झालं की ताऱ्याच्या ज्या डुगडुगीवरून त्यांनी ग्रह ओळखले ती दुसऱ्या दुर्बिणीतून दिसतच नाही. ती त्यांच्या दुर्बिणीतल्या भिंगाच्या हलवाहलवीतून आली होती. २०१८ मध्ये पुन्हा एक ग्रह जाहीर झाला, तोही टिकला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये एक आणि मार्च २०२५ मध्ये एकूण चार ग्रह पक्के झाले, सगळे पृथ्वीहून हलके, आणि चारही इतके तापलेले की तिथे पाणी टिकणार नाही. बासष्ट वर्षांची ही कहाणी कुठल्याही कादंबरीला मागे टाकेल. मराठीत ती सलग कुणी सांगितली का? माझ्या वाचनात आली नाही. बातमी देणाऱ्याला कहाणी नको असते, त्याला 'दुसरी पृथ्वी' हवी असते.

आपल्या खोडदच्या दुर्बिणीचंच पाहा. नारायणगावजवळ ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची महाकाय मीटरलहरी रेडिओ दुर्बीण आहे. २००९ मध्ये फ्रेंच संशोधकांच्या गटाने तिच्यावरून 'हॅट-पी-११' या ताऱ्याकडून येणाऱ्या १५० मेगाहर्ट्झच्या लहरी मोजल्या. ग्रह ताऱ्याआड गेला तेव्हा लहरी थांबल्यासारख्या वाटल्या. पुढच्या वर्षी पुन्हा पाहिलं, तर काहीच मिळालं नाही. संशोधकांनी दोन्ही गोष्टी छापल्या आणि शोधनिबंधाच्या नावातच 'चाहूल' असं म्हटलं. या प्रामाणिकपणाची बातमी झाली असती तर मला अभिमान वाटला असता.

याच्या उलट ग्लीझ ५८१. वीस प्रकाशवर्षांवरच्या त्या ताऱ्याभोवती २०१० मध्ये स्टीव्हन व्होग्ट आणि सहकाऱ्यांनी 'जी' नावाचा ग्रह जाहीर केला, आणि तिथे जीवसृष्टी असण्याची शक्यता आपल्याला वैयक्तिकरीत्या शंभर टक्के वाटते असं व्होग्ट पत्रकारांपुढे बोलून गेले. दोन आठवड्यांत जिनिव्हाच्या गटाने सांगितलं की आमच्या मोजणीत तो दिसत नाही. २०१४ मध्ये ताऱ्यावरच्या डागांच्या हालचालीतून तो खोटा ठसा उमटल्याचं दाखवलं गेलं. म्हणजे दोष फक्त वार्ताहरांचा नाही. नावाजलेल्या वैज्ञानिकाने कॅमेऱ्यासमोर आपल्या मनातली इच्छा मोजमापाच्या जागी ठेवली. संशोधन संस्थांची प्रसिद्धीखाती तर याहून पुढे गेली आहेत. नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीने ट्रॅपिस्ट-१ या ताऱ्याच्या एका ग्रहाचं पर्यटनाच्या जाहिरातीसारखं भित्तिचित्र काढलं. हा तारा चाळीस प्रकाशवर्षांवर आहे. त्याच्या सात ग्रहांची घोषणा २२ फेब्रुवारी २०१७ रोजी झाली तेव्हा जगभर त्यांची रंगीत चित्रं झळकली. त्यातलं एकही छायाचित्र नव्हतं. ताऱ्यासमोरून ग्रह गेला की प्रकाश एक टक्क्याहूनही कमी घटतो, ती घट मिशेल गियों यांच्या गटाने मोजली होती. त्या घटीतून आकार आणि कक्षा कळतात, समुद्रकिनारा कळत नाही. चित्राखाली 'कल्पनाचित्र' हा शब्द छापायला जागा लागते ती बोटभर. तेवढीही बहुतेकांनी दिली नाही.

मग जेम्स वेब दुर्बिणीने मोजायला सुरुवात केली. मार्च २०२३: ट्रॅपिस्टच्या सर्वांत आतल्या ग्रहावर दिवसाकडच्या बाजूला सुमारे २३० अंश सेल्सिअस, आणि वातावरणाची खूण नाही. जून २०२३: दुसऱ्या ग्रहावर कार्बन डायऑक्साइडचं जाड वातावरण नाही. ऑगस्ट २०२५: तिसऱ्या, म्हणजे 'डी' ग्रहावर पृथ्वीसारखं वातावरण आढळलं नाही. २०१७ मध्ये हे सात ग्रह ज्यांनी पहिल्या पानावर छापले, त्यांनी यातलं काय छापलं? वाचकाच्या डोक्यात आजही सात निळे गोळे फिरत आहेत. घोषणा करताना पान असतं, आणि मोजमापाने घोषणेचा पाया काढून घेतला की आतल्या पानातही जागा नसते. माझ्या लेखी ही लबाडी आहे.

'के२-१८ बी' तर या सगळ्याचा कळस. तो १२४ प्रकाशवर्षांवर आहे, पृथ्वीच्या साडेआठपट वस्तुमानाचा आणि अडीचपट रुंद. केंब्रिजचे निक्कू मधुसूदन भारतीय वंशाचे, म्हणून आपल्याकडे उत्साह जास्त. एप्रिल २०२५ मध्ये त्यांच्या गटाने सांगितलं की त्या ग्रहाच्या वातावरणात डायमिथाइल सल्फाइडची, किंवा त्याच्या भाऊबंदाची, खूण दिसते. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्मजीवांकडून येतो. त्यांच्या मोजणीत अशी खूण निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता होती ०.३ टक्के. आपल्याकडे हा आकडा उलटा करून सांगितला गेला: जीवसृष्टी असण्याची खात्री ९९.७ टक्के! हे अडाणीपणाचं गणित आहे. ०.३ टक्के हा आकडा वर्णपटातल्या त्या खुणेबद्दल आहे, जिवाबद्दल नाही. ती खूण दुसऱ्या वायूची असू शकते. तोच वायू जिवाविनाही बनू शकतो: २०२४ मध्ये तो ६७पी या धूमकेतूवर सापडला आणि प्रयोगशाळेत जिवाशिवाय बनवूनही दाखवला गेला. मधुसूदन यांनी स्वतः सावध राहायला सांगितलं होतं. पुढच्या महिन्यांत इतर गटांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासली आणि पुरावा पुरेसा नाही असं म्हटलं. नववीतल्या त्या पोरीला मी हे फळ्यावर मांडून दाखवलं. तिला पंधरा मिनिटांत समजलं. मग ज्यांचं पोट लिहिण्यावर चालतं त्यांना ते समजायला काय अडचण होती?

आता मला कुणीतरी म्हणेल, जाऊ द्या मास्तर, निदान लोक आकाशाकडे बघतात. मला हा युक्तिवाद मान्य नाही. आकाशाकडे बघणं आणि आकाशाबद्दल थाप ऐकणं यात कमालीचं अंतर आहे. शिवाय ही थाप निरुपद्रवी नाही. 'ही पृथ्वी बिघडली तर दुसरी आहे' हा विचार तिच्या पोटातून येतो. १९७७ मध्ये सुटलेलं व्हॉयेजर-१ हे यान सेकंदाला १७ किलोमीटर वेगाने पळतं आहे. त्या वेगाने प्रॉक्झिमाला पोचायला सुमारे पंचाहत्तर हजार वर्षं लागतील, ट्रॅपिस्टला सात लाख. सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह १९९५ मध्ये शोधणारे मिशेल मेयर यांना २०१९ मध्ये नोबेल मिळालं, आणि त्याच आठवड्यात त्यांनी सांगितलं की माणूस या ग्रहांवर जाणार नाही, ते फार दूर आहेत, आपल्याच ग्रहाची काळजी घ्या. ज्याने हे क्षेत्र उभं केलं त्याचं हे मत. आपल्याकडे सभांतून आणि शाळांच्या कार्यक्रमांतून बोलणारे मात्र पोरांना सांगतात की तुमची नातवंडं दुसऱ्या पृथ्वीवर राहतील. खडकपूर्णेचं पाणी, सोयाबीनचा उतारा, विहिरीची घसरती पातळी यांचं गणित ज्या गावाला रोज करावं लागतं, त्या गावात उभं राहून असं बोलणं बेजबाबदारपणाचं आहे.

आणि आमचा शुक्र? त्याचा आकार आणि वस्तुमान जवळजवळ पृथ्वीएवढं. दूरच्या एखाद्या ताऱ्यावरून आमच्याच आजच्या साधनांनी कुणी मोजला तर तो पृथ्वीचा जुळा भाऊ ठरेल. प्रत्यक्षात तिथे ४६० अंशांच्या वर तापमान आणि पृथ्वीच्या नव्वदपट हवेचा दाब आहे. आकार आणि अंतर यांवरून घर ठरवणाऱ्यांनी आधी शुक्राचं उत्तर द्यावं.

जीव कुठे टिकतो आणि कुठे नाही, हा या सगळ्या शोधामागचा खरा प्रश्न. त्या प्रश्नाची प्रयोगशाळा दुसरबीडपासून तीस-पस्तीस किलोमीटरवर आहे. लोणार. बेसॉल्ट खडकात आघाताने झालेली विवरं पृथ्वीवर मोजकीच आहेत, आणि त्यांतलं हे उत्तम टिकलेलं, १.८ किलोमीटर रुंद. मंगळाचा पृष्ठभागही मुख्यतः बेसॉल्टचाच, म्हणून मंगळाचा अभ्यास करणारे जगभरातून इथे येतात. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. पुढे दीडशे वर्षं हे ज्वालामुखीचं तोंड की उल्केचा आघात, यावर वाद चालला. १९७३ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात कर्ट फ्रेड्रिक्सन आणि सहकाऱ्यांनी प्रचंड दाबाने काचेसारख्या झालेल्या खनिजाचा पुरावा दिला आणि आघात सिद्ध झाला. वय आधी पन्नासेक हजार वर्षं मानत, नंतर आर्गॉनच्या मोजणीतून ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं आलं. विवरातल्या तळ्याचं पाणी खारं आणि सामू दहाच्या आसपास, म्हणजे साबणापेक्षा कमी जळजळीत नाही. त्या पाण्यात जिवाणू मजेत राहतात. हैदराबादच्या पेशी व रेणू जीवशास्त्र केंद्राच्या (सीसीएमबी) वैज्ञानिकांनी इथून विज्ञानाला नवे असलेले जिवाणू वेगळे काढले. त्यांतल्या एकाचं नावच 'सेसेंबिया लोनारेन्सिस' आहे, संस्थेचं आणि आमच्या लोणारचं नाव एकत्र. जून २०२० मध्ये तळ्याचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितलं की क्षार वाढल्यामुळे मीठप्रेमी हॅलोआर्किया फोफावले. त्याच वर्षी तळ्याला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला.

आणि आम्ही काय केलं? गावाचं सांडपाणी त्या तळ्याकडे वाहू दिलं. विवराच्या उतारावर वेडी बाभूळ माजू दिली. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत न्यावं लागलं. प्रकाशवर्षं दूरच्या ग्रहावर एका वायूची पुसट रेषा दिसली की आम्ही नाचतो, आणि ज्या पाण्यात टोकाच्या परिस्थितीत टिकणाऱ्या जिवांचा जिवंत पुरावा आहे त्यात गटार सोडतो. गोड पाणी आणि सांडपाणी येत राहिलं तर तळ्याचा खारेपणा आणि सामू बदलेल, आणि जे जिवाणू फक्त त्याच पाण्यात जगतात ते आपण ओळखायच्या आतच संपतील. मग कुठल्या तोंडाने आम्ही इतर ग्रहांवरच्या जिवाबद्दल बोलणार?

आमच्या भागातल्या शाळांच्या सहली लोणारला जातात. पोरं दैत्यसूदनाचं मंदिर पाहतात, लवणासुराची गोष्ट ऐकतात, तिथल्या झऱ्याच्या धारेखाली भिजतात, फोटो काढतात आणि परत येतात. गोष्ट ऐकावीच, मंदिर अप्रतिम आहे. पण एकाही पोराच्या हातात दहा रुपयांची सामू-पट्टी का देत नाहीत? धारेचं गोडं पाणी आणि तळ्याचं खारं पाणी, दोन पट्ट्या बुडवा, रंग बघा. ताऱ्याच्या प्रकाशात वायू शोधणारा माणूसही शेवटी हेच करतो: रंग बघतो आणि त्यावरून पदार्थ ओळखतो.

ग्रह शोधण्याची दुसरी पद्धत तर दुर्बिणीशिवाय शिकवता येते. हिवाळ्यात ययातीमधला अल्गोल तारा बघा. दर दोन दिवस, वीस तास, एकोणपन्नास मिनिटांनी त्याचं तेज एक तृतीयांशावर येतं आणि काही तासांनी परत वाढतं, कारण एक मंद तारा त्याच्यासमोरून जातो. १७८३ मध्ये जॉन गुडरिक या अठरा वर्षांच्या, ऐकू न येणाऱ्या इंग्रज मुलाने नुसत्या डोळ्यांनी हा ताल मोजला आणि काहीतरी काळं समोरून जात असावं असं सुचवलं. ट्रॅपिस्टचे सात ग्रह ज्या पद्धतीने सापडले तिचं हे मूळ. माझी पोरं शेतात जागलीला जातात. त्यांना शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करून वहीत तेज टिपायला मी शिकवलं आहे आणि ती टिपतात. गावात मात्र हे जमत नाही, कारण चौकाचौकात हायमास्ट लागले आहेत आणि त्यांचा निम्मा उजेड वर आभाळात जातो. आपल्याच विदर्भात पेंच व्याघ्रप्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये अंधाऱ्या आकाशाचं उद्यान म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. तिथे दिव्यांचा उजेड खाली वळवला. तेच दुसरबीडला, किनगावला, सिंदखेडराजाला करायला कुठला मोठा निधी लागतो? ग्रामसभेत मी ही मागणी केली आहे आणि पुन्हा करणार आहे.

संपादकांना माझं सांगणं थेट आहे. ग्रहाची बातमी देताना चार गोष्टी द्या: काय मोजलं, कशाने मोजलं, किती खात्रीने मोजलं, आणि चित्र काढलेलं आहे की टिपलेलं. ऑगस्ट २०२५ मध्ये मित्र ताऱ्यांच्या जोडीतल्या मोठ्याभोवती शनीएवढ्या वायुगोलाची शक्यता वेब दुर्बिणीने दाखवली. तो ठिपका ऑगस्ट २०२४ मध्ये दिसला होता, फेब्रुवारी आणि एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा पाहिलं तेव्हा दिसला नाही, आणि संशोधकांनी तो अजून 'उमेदवार' म्हणून ठेवला आहे. ही बातमी अशीच छापा, दिसला नाही त्या दोन तारखांसकट. ट्रॅपिस्टच्या 'ई' ग्रहाची पहिली मोजमापं सप्टेंबर २०२५ मध्ये आली, आणि तिथे वातावरण आहे की नाही हे त्यांतून ठरलेलं नाही. पुढच्या मोजमापांत तिथे उघडा खडक निघाला, तर २०१७ मध्ये जितक्या मोठ्या अक्षरांत सात पृथ्व्या छापल्या होत्या, तितक्याच मोठ्या अक्षरांत तो खडक छापा.